क्रोम उघडलं की भलतंच सर्च पान येतं. ठाण्यात कोणाला दाखवू? (बजेट ५००)

कोलशेत_रोड: बाबांच्या लॅपटॉपवर (जुना डेल, विंडोज १०) क्रोम उघडलं की गूगलऐवजी कुठलंतरी अनोळखी सर्च पान येतं. सेटिंगमध्ये जाऊन बदललं तर लॅपटॉप बंद-चालू केल्यावर परत तेच. शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात सारखी लाल पट्टी, "तुमच्या संगणकात व्हायरस आहेत", आवाजासकट. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. इतिवृत्ताची पीडीएफ वर्डमध्ये करायला त्यांनी नेटवरून एक फुकट कन्व्हर्टर घेतला, तेव्हापासून हे सुरू झालंय. क्रोमच्या मेनूत तळाशी "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" असं दिसतं. बाबा म्हणतात, मला रिटायर होऊन जमाना झाला, कसली ऑर्गनायझेशन? घोडबंदर रोड किंवा नौपाड्याकडे कोणी खात्रीचा माणूस आहे का? फॉरमॅट नको, सोसायटीचा सगळा हिशोब त्यात आहे.

तीन_पेट्रोल_पंप: फॉरमॅट मारा. दुसरा उपाय नाही.

नेरूळ_लोकल: ५०० मध्ये हल्ली कोणी लॅपटॉपचं झाकणसुद्धा उघडत नाही. मी मॅकबुक घेतला, तेव्हापासून व्हायरस हा विषयच बंद. पैसे जातात, पण डोक्याला ताप नाही.

ऐरोली_सेक्टर८: हा प्रकार मॅकवरही होतो, उगाच गैरसमज पसरवू नका. क्रोमचं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलं जाणारं छोटं सॉफ्टवेअर) तुमचं सफरचंद बघून माघारी फिरत नाही.

नेरूळ_लोकल: माझ्याकडे नाही झाला. मी माझा अनुभव सांगितला.

वाशीकर_मावशी: अगं, त्या लाल पट्टीत फोन नंबर असेल तर बाबांना आधी सांग, अजिबात फोन लावू नका. आमच्या ह्यांनी लावला होता. समोरचा इतका गोड बोलला की ह्यांनी तो म्हणेल ते अ‍ॅप टाकलं आणि लॅपटॉप त्याच्या हातात दिला. बँकेचं पान उघडायला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून येऊन वायफायच बंद केलं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची, जितका उशीर तितकी ती रक्कम पुढच्या पुढच्या खात्यात पसार.

खोपट_डेपो: कोणाला दाखवायची गरज नाही, घरी होतं. पण क्रम चुकवू नका.
आधी कंट्रोल पॅनलमध्ये तारखेनुसार प्रोग्राम लावा. कन्व्हर्टर आणि त्याच दिवशी आलेली बाकी पाहुणेमंडळी काढा. मग क्रोमची एक्स्टेन्शन्स बघा. एखाद्याला "रिमूव्ह" बटणच नसेल तर ते पॉलिसीने (म्हणजे क्रोमवर बाहेरून लादलेल्या नियमाने) बसवलेलं आहे, "मॅनेज्ड बाय" त्यामुळेच दिसतं. अ‍ॅड्रेसच्या जागी क्रोम://पॉलिसी (अर्थात इंग्रजीत) टाकलं की कोणत्या पॉलिसी लागल्यात ते कळेल. काही अँटिव्हायरसही स्वतःची पॉलिसी लावतात, तेव्हा ते शब्द दिसले म्हणून लगेच घाबरू नका. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) हात घालण्यापेक्षा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर वापरा. मालवेअरबाइट्स या अँटिव्हायरसवाल्या कंपनीचंच आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये क्रोमच्या पॉलिसी रीसेट करायची सोय आहे, ती चालू करून स्कॅन करा. डाउनलोड फक्त त्यांच्याच साईटवरून.
मग क्रोम रीसेट. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. लाल पट्टी हा बहुधा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साईटवर "अलाउ" दाबलेलं असतं, नोटिफिकेशनच्या परवानगीत जाऊन ती साईट काढा.

तीन_पेट्रोल_पंप: एवढं करण्यापेक्षा फॉरमॅट तासाभरात होतो.

खारघर_हिल: खोपटरावांशी सहमत. तरी मी म्हणेन लॅपटॉपच बदला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ३५-४० हजारात चांगला मिळतो.

ऐरोली_सेक्टर८: ताईंचं बजेट ५०० आहे. वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, सेटिंगमध्ये नाव नोंदवावं लागतं.

पाचपाखाडी: लॅमिंग्टन रोडला जा. ठाण्यातले दुकानदार लुटतात. मागे राम मारुती रोडला नेला होता, दुरुस्तीपेक्षा गाडी टो झाल्याचा दंड जास्त भरला.

वाशीकर_मावशी: गाडी कशाला न्यायची तिथे? गावदेवीला लावायची आणि चालत जायचं.

पाचपाखाडी: गावदेवीला संध्याकाळी जागा मिळवून दाखवा, मावशी.

कोलशेत_रोड: खोपटदादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. कन्व्हर्टरबरोबर एक "शॉपिंग हेल्पर" आणि एक हवामान दाखवणारं काहीतरी आलं होतं. पॉलिसीच्या पानावर "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" आणि पुढे लांबच लांब अगम्य अक्षरं. क्लीनरने ती उडवली, लाल पट्टीही बंद. पण आज सकाळी ते सर्च पान परत आलंय!

खोपट_डेपो: सिंक, म्हणजे एकाच खात्याची क्रोम सेटिंग सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी ठेवणारी सोय, त्यातून परत येतंय. बाबांचं गूगल खातं आणखी कुठे लावलंय का?

कोलशेत_रोड: सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर.

खोपट_डेपो: मग तिथेही तेच बसलं असणार. दोन्हीकडे सिंक बंद करा, दोन्ही साफ करा, नंतरच चालू करा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टी पण बघा, "टार्गेट"मध्ये क्रोम डॉट ईएक्सईच्या पुढे वेबसाईटचा पत्ता चिकटवलेला असेल तर खोडा. आणि महत्त्वाचं, पासवर्ड फोनवरून बदला, त्या लॅपटॉपवरून नको. गूगल खात्यात जाऊन बाकी डिव्हाइसवरून लॉगआउट.

नेरूळ_लोकल: बघा, मॅक असता तर...

ऐरोली_सेक्टर८: त्याच खात्याचं सिंक मॅकवरच्या क्रोमलाही चालतं हो.

कोलशेत_रोड: अपडेट. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खरंच तेच निघालं. दोन्ही साफ केले, परवापासून सगळं व्यवस्थित. सर्वांचे आभार. पण फुकटात झालं यावर बाबांचा विश्वासच बसेना. मी ऑफिसला गेले असताना त्यांनी लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुकानात नेला. त्या मुलाने दहा मिनिटं बघितलं, "काका, बरं झालं वेळेवर आणलंत" म्हणाला आणि वर्षाचा अँटिव्हायरस टाकून ९०० घेतले. बाबा खूश आहेत.

खारघर_हिल: ९००?? विंडोजचा डिफेंडर फुकट होता की!

तीन_पेट्रोल_पंप: ९०० मध्ये फॉरमॅट झाला असता.

खोपट_डेपो: जाऊ द्या. पासवर्ड बदललेत का?

कोलशेत_रोड: बँकेचा आणि जीमेलचा बदलला. बाकीचे कुठल्या डायरीत लिहिलेत ते बाबा शोधतायत.