कात्रज ते तोरणा : खुणांची सलग पायवाट हवी की नको?

माचीकर : कात्रज-सिंहगड, सिंहगड-राजगड, राजगड-तोरणा हे ट्रेक पुणेकर सुटे सुटे करतातच. मग जुन्या कात्रज बोगद्यापासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत एकच आखलेली, खुणांची, निगा राखलेली वाट का नको? अमेरिकेत बेंटन मकाय यांनी १९२१ साली अ‍ॅपलाचियन ट्रेल सुचवली, १९३७ला ती सलग झाली. सुमारे ३,५०० किलोमीटर, आणि निगा बहुतांशी स्वयंसेवक मंडळांकडे. आपली वाट तिच्या पासंगालाही पुरणार नाही.

उगाच_भटक्या : अजिबात नको. पौर्णिमेच्या रात्री कात्रजच्या टेकड्यांवर बॅटऱ्यांची रांग बघा. उतारांवर मुरूम इतका सुटलाय की लोक शेजारच्या गवतातून उतरतात, एकीच्या तीन वाटा झाल्यात. खुणा केल्या की हीच जत्रा राजगडापर्यंत. शिवाय वाट विचारायला वाडीत शिरणारा माणूस तिथे पिठलं-भाकरी खातो, वाटाड्या घेतो. बाण रंगवलेत की गेलं ते.

घसारा : भटक्या, हे दुखणं गर्दीपेक्षा पाण्याचं आहे. वाट डोंगराच्या सोंडेवरून सरळ खाली येते, पावसाळ्यात तिचाच ओढा होतो. माती जाते, सुटे दगड उरतात, पाय घसरतो म्हणून माणूस बाजूला सरकतो. तेव्हा वाट उताराला आडवी, नागमोडी घ्या. जिथे तसं जमत नाही, तिथे मध्ये मध्ये दगडांची तिरकी ओळ अर्धी जमिनीत गाडून पाणी दरीकडे काढून द्या. वळणांमधले शॉर्टकट काटेरी फांद्यांनी बुजवा. आणि मे संपायच्या आत ओळींमागचा गाळ काढा. खरी देखभाल ती. उद्घाटनाच्या फोटोला सगळे येतात, गाळ उपसायला कोण? मजुरी देऊन वाड्यांतल्या लोकांनाच हे काम द्या. शेताच्या ताली रचणाऱ्यांना दगड बसवायला आपण काय शिकवणार!

सदाशिव_३० : मजुरी कोण देणार ते आधी लिहा. वनजमिनीवर कुदळ मारायला वनखात्याची परवानगी, मध्ये लोकांची खासगी शेतं. राजगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत. तिथे रंगाचा डबा नेऊन दाखवाच.

उगाच_भटक्या : पाणी काढायला माझी ना नाही. बाण नकोत, एवढंच.

माचीकर : आणि जुलैच्या धुक्यात दोन सोंडा फुटतात तिथे? निदान दगडांची रास तरी?

उगाच_भटक्या : रास चालेल. पण फक्त फाट्यावर. दर दहा पावलांवर दिसली तर मीच पाडीन.