सर्दी होऊच नये म्हणून कुठल्या सरकारने कधी पैसा घातलाय का?

सातारची_आई:
लेक चार वर्षांची. जूनमध्ये बालवाडी सुरू झाली, तेव्हापासून ही पाचवी सर्दी. बाकीच्या मुलांचं नाक दोन-चार दिवस गळतं नि थांबतं. हिच्या छातीत तिसऱ्या रात्री घरघर सुरू होते. काल पहाटे तीनला नेब्युलायझरचा मास्क धरून बसले होते. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. डॉक्टर म्हणाले, दमेकरी मुलांना साध्या सर्दीचा विषाणूही पुरतो. मग त्या सर्दीवरच कुणी काम का करत नाही? ‘औषध घेतलं तर सात दिवस, नाही तर आठवडा’ हे आता ऐकवत नाही.

जुना_मास्तर (सूक्ष्मजीवशास्त्र, पुणे):
ताई, केलंय, तेही चाळीसहून जास्त वर्षं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1946 मध्ये सॉल्सबरीजवळ, युद्धकाळातल्या इस्पितळाच्या बराकींत, कॉमन कोल्ड युनिट काढलं. स्वयंसेवक दहा दिवस येऊन राहायचे. जेवणखाण फुकट, वर थोडा हातखर्च. नाकात थेंब सोडायचे. त्यात विषाणू आहे की नाही, हे त्यांना सांगायचे नाहीत. मग रोज तपासणी. वापरलेले कागदी रुमालसुद्धा मोजायचे!

लस निघाली नाही. सर्दी करणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचेच 150 हून जास्त प्रकार, एकावरची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. 1989 मध्ये युनिट बंद केलं. मला तो निर्णय आजही पटत नाही. कारण तिथेच, 1965 मध्ये, डेव्हिड टायरेल यांच्या चमूने एका शाळकरी मुलाच्या सर्दीतून ‘बी 814’ हा विषाणू वाढवला. विषाणूशास्त्रज्ञ जून अल्मेडा यांनी तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर भोवती झालर. त्या कुळाचं नाव पुढे कोरोना पडलं.

उपकेंद्रातली_सिस्टर (नंदुरबार):
सर, वाचून बरं वाटलं. पण माझ्याकडे क्षयाचे पेशंट आहेत, त्यांची एक गोळी चुकली तरी जीव खाली-वर होतो. पैसा आधी तिकडेच जावा. ताई, बालवाडीत डबा खायच्या आधी साबणाने हात धुवून घेतात का, बघून या. सर्दी हातावरून नाका-डोळ्यांत जाते.

सातारची_आई:
सिस्टर, क्षयाचा एक रुपयाही हलू नये. हाताचं उद्याच विचारते, तिथे नळाजवळ साबण पाहिल्याचं आठवत नाही. सर, असं युनिट आपल्याकडे निघालं तर माझं नाव लिहून घ्या. दहा दिवस लेक आजीकडे राहील.