स्टेशन कुठे येणार, हे ठरवतं कोण?

असं म्हणतात की कॅनडाच्या प्रेअरीत (सपाट गवताळ प्रदेशात) १८८१-८२ साली रेल्वेच्या नव्या गावात ज्यांनी आधी प्लॉट घेतले, त्यांची चांदी झाली. सगळ्यांची नाही हो! मॅनिटोबा प्रांतातलं ग्रँड व्हॅली हे गाव बघा. जमीन मॅकव्हिकर बंधूंची. कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता जनरल रॉसर स्वतः सौद्याला आले. मॅकव्हिकरांनी भाव ताणला, तसे रॉसर उठले आणि स्टेशन दोनेक मैल पश्चिमेला नेलं. तेच आजचं ब्रँडन. ग्रँड व्हॅली ओस पडलं.

रेजायनातही तेच. तेव्हाच्या नॉर्थ-वेस्ट टेरिटरीज प्रदेशाचे लेफ्टनंट गव्हर्नर (सरकारने नेमलेले प्रमुख) ड्यूडनींनी राजधानीसाठी ही जागा निवडली, आणि तिथेच जवळ त्यांची स्वतःची जमीन निघाली (काय योगायोग!). कंपनीने स्टेशन त्यांच्या जमिनीपासून लांब, पूर्वेला बांधलं. सरकारने कंपनीला २.५ कोटी डॉलर आणि २.५ कोटी एकर जमीन दिलेली. गावातले प्लॉट विकून होणारा नफा ती दुसऱ्याच्या खिशात कशाला जाऊ देईल?

विनिपेगमध्ये तर लोक जागा न बघता नकाशावर बोट ठेवून लिलावात बोली लावत. १८८२ च्या वसंतात तो फुगा फुटला. आणि रॉसर? जमिनीच्या सट्ट्यावरून त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली.