मांजर ट्रे सोडून घरभर शू करायला लागलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? (खान्देशातले अनुभव)

जळगाव, पिंप्राळा

सुरुवात मीच करते, कारण चूकही माझीच झाली होती.

गोट्या आमचा सहा वर्षांचा बोका. दार सताड उघडं असलं तरी उंबरा न ओलांडणारा. दोन महिन्यांचा असताना त्याला वाळूच्या ट्रेची सवय लागली, त्यानंतर कधी एक थेंब बाहेर पडला नाही. गेल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, तो मोरीत शू करायला लागला. मग बेसिनमध्ये. मग देवघरापुढच्या गार फरशीवर. देवघर म्हटल्यावर घरात आवाज चढले. मी त्याला रागावले, मानगूट धरून ट्रेमध्ये बसवलं, वरून खोलीचं दार ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो ट्रेमध्ये पाठ वाकवून बसला होता. कण्हत होता आणि वाळू कोरडी होती. शेजारी फरशीवर एकच थेंब होता, गुलाबी.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच आत घेतलं. मूत्राशय चेंडूसारखं टणक झालं होतं. बोक्याची मूत्रनळी मांजरीपेक्षा अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचा बूच बसला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन चाललं. गोट्या वाचला.

घरी आल्यावरही तो जुन्या ट्रेकडे जाईना. तिथे बसलं की दुखतं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं. नवा ट्रे नव्या जागी ठेवला, तेव्हा चार दिवसांत गेला. आता जेवणात कोरडे दाणे कमी केलेत, उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यासकट देते. मीठ, कांदा, लसूण काही नाही. पाण्याची भांडी घरात तीन ठिकाणी ठेवलीत.

तुम्हीही लिहा. मांजराने ट्रे सोडण्याआधी घरात काय बदललं होतं, ते आठवून लिहा. जे जमलं नाही तेही लिहा, त्याचा इतरांना जास्त उपयोग होतो.

भुसावळ

आमच्याकडे कूलर. होळी झाली की आम्ही कूलर खिडकीला लावतो आणि चिंगीचा ट्रे नेमका त्याच खिडकीखाली असायचा. पंप सुरू होताना खडखड व्हायची, वरून दोन थेंब अंगावर उडायचे. तिने सोफ्याची मागची बाजू धरली. आम्ही लिटर (ट्रेमध्ये घालायची विकतची वाळू) बदललं, ट्रे बदलला, महिनाभर सगळं केलं. जागा काही बदलली नाही, कारण रेल्वेच्या हॉर्नला न दचकणारं मांजर कूलरला भिईल असं कुणाच्या मनातच आलं नाही. शेवटी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या लक्षात आलं की कूलर बंद असताना, रात्री, चिंगी ट्रेच वापरते. ट्रे आतल्या खोलीत हलवला आणि प्रश्न संपला.

अमळनेर तालुका

आमचं शेतकऱ्याचं घर. दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि भाव चढायची वाट बघत एक अख्खी खोली छतापर्यंत भरलेली असते. आमच्या मनीने त्या कापसात जायला सुरुवात केली. वडिलांना वास आला तेव्हा दोन-तीन जागी कापूस पिवळा पडून दबला होता. वर्षभराची मेहनत त्या खोलीत असते, त्यामुळे ते जे बोलले त्याचा मला राग नाही. पोत्यात घालून मळ्यात सोडून ये, म्हणाले. घरात वाढलेलं मांजर मळ्यात कुत्र्यांपुढे दोन दिवस टिकत नाही. मी आठ दिवस मागून घेतले.

मग विचार केला की आधी काय बदललं. दिवाळीला भाऊ पुण्याहून आला होता. येताना सुगंधी लिटरची मोठी पिशवी घेऊन आला. जाड खडे, लव्हेंडरचा वास. तोवर मनी गिरणेच्या चाळलेल्या वाळूवर जायची. तिला तो वास सहन होत नसणार. आपल्यापेक्षा कितीतरी पट तिखट नाक असतं त्यांचं. खडे पायाला टोचत असतील ते वेगळंच. त्यात शेजारच्या खोलीत मऊ, कोरडा, उकरायला सोपा ढीग. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

कापसाच्या खोलीला जाळीचं दार लावून घेतलं. घमेल्यात पुन्हा बारीक वाळू भरली, अडीच-तीन इंच, आणि वर मूठभर खराब झालेला कापूस पसरला. पहिल्याच रात्री गेली. रोज कापूस थोडा थोडा कमी करत गेलो, बारा दिवसांत नुसत्या वाळूवर आली. वडील आता सकाळी मला विचारतात, घमेलं काढलं का?

मधे काळी माती वापरून बघितली होती, तेही सांगतो. बाजारात गोळे होणारं जे लिटर मिळतं ते बेंटोनाइटचं, म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती. आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीतही तेच खनिज भरपूर असतं. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वाटलं, घरचंच लिटर झालं. पण कच्ची माती ओली झाली की पंजांना लिंपते आणि घरभर काळे ठसे उठतात. शिवाय शेतातल्या मातीत काय काय फवारलेलं असतं आणि मांजर पंजे चाटतं. त्यापेक्षा वाळू बरी, फक्त चाळून, कडक उन्हात दोन दिवस वाळवून.

धुळे, देवपूर

दोन मांजरी, एक ट्रे. धाकटी आल्यापासून थोरली बेडवर शू करायची. सगळे म्हणायचे, ती सूड घेतेय. मी एका रविवारी दिवसभर नुसती बसून पाहिलं. धाकटी ट्रेच्या वाटेवर आडवी पडून राहायची. भांडण नाही, फुत्कार नाही, नुसती नजर. थोरली दारापर्यंत यायची आणि मागे फिरायची. आमच्या ट्रेला झाकण होतं, आत गेलं की बाहेर यायला एकच तोंड. आत असताना कोणी अडवलं तर कुठे जायचं?

जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा नियम तेव्हा कळला. आणि तिन्ही ट्रे एका ओळीत ठेवून भागत नाही, मांजराच्या लेखी ती एकच जागा असते. मी हार्डवेअरच्या दुकानातून तीन मोठी प्लास्टिकची घमेली आणली, बिनझाकणाची, मांजराच्या लांबीच्या दीडपट. एक हॉलमध्ये, एक जिन्याखाली, एक आमच्या खोलीत. खोलीत ट्रे ठेवल्यावर नवऱ्याने महिनाभर नाक मुरडलं. दिवसातून दोनदा काढलं तर वास येत नाही, हे आता तोच पाहुण्यांना सांगतो.

नंदुरबार

आमचा प्रकार वेगळा. बोका बसून नाही, उभा राहून करायचा. भिंतीकडे पाठ, शेपटी वर करून थरथरवायची आणि एक फवारा. पडदा, कपाट, दाराची चौकट. ही लघवी लागलेली नसते, हद्द आखणं असतं. खिडकीबाहेर गल्लीतला दांडगा बोका येऊन बसायचा, तो आला की आत फवारा ठरलेला. नसबंदी करायची तर इथे मांजराचं ऑपरेशन करणारे मिळेनात. जिथे विचारलं तिथे गाई-म्हशींचंच काम. शेवटी टोपलीत घालून रेल्वेने सुरतेला नेला. दीड महिन्यात फवारे थांबले. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवला, त्याचाही उपयोग झाला. नसबंदी लवकर करा. सवय जुनी झाली की ऑपरेशननंतरही थोडी मागे उरते.

चाळीसगाव

आमच्याकडे कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार. त्याआधी घराला रंग, आणि मग रोटाच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी घरात, तीस-पस्तीस माणसं. सोनी आधी माळ्यावर गेली, मग तीन दिवस पाहुण्यांच्या गोधड्यांवर आणि एका जावेच्या बॅगेत. मला रडू यायचं बाकी होतं. सगळे तिला हाकलायला उठले, तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांनी तिला कधी हात लावला नव्हता, त्या म्हणाल्या, "तिले दुखस व माय, मारू नको तिले."

दुखणं नव्हतं, तपासून घेतलं. भीती होती. पण सासूबाईंच्या त्या एका वाक्याने घर शांत झालं. सोनीला मागच्या लहान खोलीत ठेवली. ट्रे, पाणी, माझी जुनी साडी आणि बंद दार. पंधरा दिवस मीच जाऊन बसायचे. मग हळूहळू एकेक खोली उघडली. यंदा रंगाचा डबा घरात यायच्या आधीच तिची खोली तयार केली, एकदाही चुकली नाही.

धुण्याबद्दल नक्की लिहायचंय. मी आधी फिनेल ओतलं, मग ॲसिड, मग ब्लीच. तिन्ही चूक. फिनेलमधली फेनॉलसारखी द्रव्यं मांजराचं यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही. पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. ब्लीच लघवीत मिसळलं की घशाला झोंबणारा वायू सुटतो. आणि एवढं करूनही मांजराला तिथला वास येतोच, कारण लघवीतली वासाची द्रव्यं नुसत्या पाण्याने पुरती निघत नाहीत. आधी कोरड्या फडक्याने टिपायचं, मग गार पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर घालून बराच वेळ ओलं राहू द्यायचं. गादीत मुरलं असेल तर दोनदा-तीनदा.

फैजपूर

माझी सून दिवसांची असताना कुणीतरी सांगितलं, मांजर काढा, बाळाला धोका आहे. त्याच आठवड्यात मांजराने ट्रे सोडला आणि सगळ्यांना निमित्तच मिळालं. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरं, पण विष्ठा पडल्यावर तो लागण होण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. ट्रे रोज साफ झाला, आणि तो गर्भवतीने न करता दुसऱ्याने केला, तर भीती फार कमी. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचीच काळजी जास्त घ्या, म्हणाल्या. ट्रेचं काम मी घेतलं. तेव्हा समजलं की सुनेला कोरड्या उलट्या सुरू झाल्यापासून पाच-पाच दिवस ट्रेला कोणी हातच लावला नव्हता. मांजराने घाण ट्रे सोडला, त्यात त्याचं काय चुकलं? नात आता दीड वर्षाची आहे. मांजर तिच्या पाळण्याखाली झोपतं.

जळगाव

चौदा वर्षांची होती आमची राणी. ट्रेच्या अगदी शेजारी करायची, ट्रेला लागून. सहा महिने मी समजत राहिले की म्हातारपणी विसरते. सांधे दुखत होते तिचे. सहा इंचाची कड ओलांडताना मागचा पाय उचलत नव्हता. किडनीही थकली होती, त्यामुळे लघवी जास्त आणि घाई मोठी. टबची एक बाजू तापलेल्या सुरीने कापून दोन बोटं ठेवली, खाली जुनी सतरंजी घातली. त्याच दिवसापासून आत जाऊ लागली. नंतर आठ महिने जगली, एकदाही बाहेर केली नाही. ते सहा महिने मला परत हवेत.

रावेर

सगळं करून झालं. तपासण्या, तीन ट्रे, चार प्रकारचं लिटर, केळीच्या बागेजवळची रेती, लाकडाचा भुसा. आठवड्यातून एकदा तरी पायपुसण्यावर करतोच. पायपुसणी आता घरात ठेवत नाही, गादीवर प्लास्टिक असतं. पाच वर्षं झाली. आम्ही त्याच्यासोबत राहायचं ठरवलंय.

शिरपूर

सगळं वाचलं. विचारायचं होतं. आमचा बोका आज दुपारपासून पाच-सहा वेळा ट्रेमध्ये बसून आला, वाळू ओली दिसत नाही. सारखा खाली चाटतोय. संध्याकाळी जेवला नाही. घरचे म्हणतात उष्णता झाली असेल, सब्जाचं पाणी पाजा. आता साडेनऊ झालेत. सकाळी दवाखान्यात नेलं तर चालेल ना?

जळगाव, पिंप्राळा

दादा, सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा. सब्जा नको, पाणी जबरदस्तीने पाजू नका, पोट दाबून बघू नका. धुळ्यात रात्री बघणारे डॉक्टर कोण, ते फोन करून आधी विचारा आणि "बोका आहे, लघवी तुंबली आहे" एवढंच सांगा, त्यांना समजेल.

धुळे, देवपूर

आमच्या डॉक्टरांना मी फोन केलाय. दार उघडून थांबतात. तुम्ही निघा.

शिरपूर

निघालो. हायवेला आहे, भाऊ गाडी चालवतोय.

शिरपूर

रात्रीचे पावणेदोन. नळी घातली. पिशवीत लघवी उतरतेय, लालसर आहे. डॉक्टर म्हणाले दोन-तीन दिवस ठेवावं लागेल. मी इथेच बाकावर बसलोय. घरी गेल्यावर ट्रे नव्या जागी ठेवायचा ना, ताई? कुठे ठेवू ते सांगा. आमचं घर दोनच खोल्यांचं आहे.