कॉन्फ्लिक्ट आला की डोळे झाकून ‘अवर्स’?

धागाकर्ता: गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल जपणाऱ्या साधनात, दोघांनी त्याच ओळी वेगळ्या बदलल्या की कॉन्फ्लिक्ट येतो. “कॉन्फ्लिक्ट आला की आपली बाजू (‘अवर्स’) ठेवा, मोडलं तर टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) सांगतीलच” असा सल्ला काल इथे नव्या मुलांना दिला गेला आणि कुणी हरकतही घेतली नाही. टेस्ट सांगत नाहीत हो! आमच्याकडे एकाने दोन फाइलींवर ‘चेकआउट अवर्स’ (अख्खी फाइल आपल्या बाजूची घ्यायची आज्ञा) मारलं. त्याने फक्त भांडणाच्या ओळी जात नाहीत, समोरच्याचे त्या फाइलमधले सगळे बदल जातात. रिकाम्या पत्त्याची तपासणी गेली, तिची टेस्टही गेली. मग लाल, म्हणजे नापास, काय होणार? गिटच्या सेटिंगमध्ये कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३ ठेवा, दोन्ही बाजूंच्या मधे मूळ मजकूर दिसतो. कुणी काय का बदललं ते वाचा, मगच हात लावा.

रात्रपाळी: लॉक फाइलच्या (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची आपोआप बनणारी यादी) हजार ओळींत कसलं ‘का’ वाचायचं? एक बाजू घ्यायची, इन्स्टॉल चालवून फाइल नव्याने बनवायची. खरं दुखणं वेगळंच आहे. महिनाभर ब्रांच (कामाची वेगळी शाखा) कवटाळून बसतात आणि निस्तरायचं आम्ही. रोज रिबेस करा (आपले बदल मेन या मुख्य ब्रांचच्या ताज्या टोकावर पुन्हा चढवा), विषय संपला.

धागाकर्ता: लॉक फाइलचं मान्य. तेवढंच.

मर्जवादी: रिबेसचं कौतुक पुरे! रिबेसमध्ये बाजू उलटतात: ‘अवर्स’ म्हणजे मेन, ‘थीअर्स’ (समोरची बाजू) म्हणजे तुमचंच काम. ‘आपली बाजू ठेवा’ ऐकून नवखा स्वतःचंच काम पुसतो. शिवाय एकाने रिबेस करून फोर्स पुश केला (सर्व्हरवरची ब्रांच बाजूला सारून आपली चढवली) आणि त्याच ब्रांचवरचे माझे कमिट (नोंदवलेले बदल) गायब. रिफलॉग (ब्रांच कुठून कुठे हलली याची गिटची नोंद) खणत रात्र गेली माझी.

रात्रपाळी: सामायिक ब्रांचवर रिबेस करा असं मी कुठे म्हटलं? न वाचता अंगावर येऊ नका. फोर्स-विथ-लीज (सर्व्हरवर आपल्याकडे न आलेलं काही असेल तर अडणारा फोर्स पुश) असतं तर तो पुश तिथेच अडला असता.

मर्जवादी: एडिटर मागे गुपचूप फेच करत (सर्व्हरवरचं नवं आणत) असेल तर गिटला ते पाहिलेलंच वाटतं, मग लीजही अडवत नाही. आणि रोज रिबेस म्हणजे तोच कॉन्फ्लिक्ट रोज सोडवा.

रात्रपाळी: त्यासाठी गिटची रेरेरे ही सोय आहे. एकदा सोडवलेलं पुढच्या वेळी आपोआप लागतं.

धागाकर्ता: चुकीचं सोडवलेलंही तसंच लागतं! म्हणून तर पहिल्यांदाच नीट वाचा म्हणतोय.

रात्रपाळी: बरं, पहिल्यांदा वाचायला हवं, हे घेतलं. चुकलंच तर ती नोंद पुसायला ‘रेरेरे फर्गेट’ आहे. पण महिनाभराच्या ब्रांचला माझ्याकडून माफी नाही.