घर लावण्याआधी वस्तू कमी केल्याच पाहिजेत का?

धागालेखक

साधे राहायचे ठरवल्यावर मी सर्वप्रथम जे केले, ते आता मला चुकीचे वाटते: वस्तू आवरण्यासाठी मी आणखी वस्तू आणल्या. झाकणाचे डबे, कप्प्यांचे खोके, खणात बसणारे ट्रे. आठवडाभर घर देखणे दिसले आणि महिना उलटेपर्यंत ते खोकेच पसाऱ्यात जमा झाले. त्यामुळे माझे ठाम मत असे बनले आहे की आधी वस्तू कमी कराव्यात आणि मगच त्यांच्या जागा ठरवाव्यात. हा क्रम उलटा झाला की आवरण्याच्या नावाखाली आपण पसाऱ्यावर केवळ झाकण घालतो. जपानी कारखान्यांतून जगभर पसरलेल्या '५ एस' पद्धतीतही 'सेइरी', म्हणजे लागणारे आणि न लागणारे वेगळे करणे, ही पहिली पायरी आहे, आणि वस्तूची जागा ठरवणारी 'सेइतोन' तिच्यानंतर येते.

माझ्या टेबलाचा खालचा खण मी एकदा जमिनीवर रिकामा केला, तेव्हा त्यात चौदा वायरी निघाल्या. एकेक वायर घरातल्या उपकरणांना लावून पाहिली. सात कामाच्या ठरल्या. उरलेल्या सात ज्या उपकरणांच्या होत्या, ती उपकरणेच घरात राहिली नव्हती. म्हणजे इतकी वर्षे हवी ती वायर काढताना मी दर वेळी त्या सात निरुपयोगी वायरींचा गुंता सोडवत होतो. नको असलेली वस्तू नुसती पडून राहत नाही, ती हव्या असलेल्या वस्तूच्या वाटेत उभी राहते. साधेपणाने राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकी लेखकाने लिहून ठेवले आहे की त्याच्या टेबलावर चुनखडीचे तीन दगड होते आणि ते रोज पुसावे लागतात हे ध्यानात आल्यावर त्याने ते खिडकीबाहेर फेकले. मीही नियम केला आहे: वर्षभर जिला हात लागला नाही, ती वस्तू घराबाहेर.

प्रतिसाद: या नियमाशी असहमत

आपला खणाचा अनुभव पटला, नियम मात्र पटला नाही. 'लागली तर पुन्हा घेऊ' असे ज्याला निर्धास्तपणे म्हणता येते, त्यालाच वर्षभराची मुदत परवडते. ज्या घरात मिळकतीचा भरवसा नसतो, तिथे जपून ठेवलेला जादा नट, अर्धे उरलेले कापड किंवा बंद पडलेल्या यंत्राचा चांगला भाग हीच पुढच्या अडचणीसाठी केलेली तरतूद असते, आणि तिला पसारा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या आईचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणे, हूक, उसवून घेतलेल्या दोन चेनी आणि रिळांवर उरलेला वेगवेगळ्या रंगांचा दोरा आहे. त्यातल्या बहुतेक बटणांना कित्येक वर्षे कुणी हात लावलेला नाही, पण कोटाचे एक बटण हरवते तेव्हा नवा कोट घ्यावा लागत नाही, कारण डबा पालथा करून त्याच्याशी मिळतेजुळते बटण शोधता येते. साधेपणा कशात आहे, डबा काढून टाकण्यात की कोट आणखी पाच वर्षे वापरण्यात?

शिवाय टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, फक्त आपल्या नजरेआड जाते. आणि थोरोचे दगड त्याचे एकट्याचे होते. चौघांच्या घरात असे परस्पर फेकता येत नाही.

प्रतिसाद: आवरण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते?

दोन्ही बाजूंनी वस्तूंचाच विचार झाला, माणसांचा राहून गेला. २०१० मध्ये डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या संशोधकांनी नवरा-बायकोंना आपापले घर दाखवताना त्याचे वर्णन करायला सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचे उल्लेख अधिक होते, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी, तितकी उतरत नव्हती. पसाऱ्यामुळेच ताण आला, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण ताण असल्यामुळेही पसारा अधिक जाणवू शकतो. तरी घराकडे पाहून कुणाला काम दिसते, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

'कात्री कुठे आहे?' असे जिला दिवसातून दहा वेळा विचारले जाते, तिने घर कितीही नीट लावले असले तरी ती व्यवस्था एकट्या तिच्या डोक्यात राहते. म्हणून मी वस्तू जिथे वापरली जाते तिथेच, हात पोहोचेल अशा उंचीवर आणि शक्यतो झाकणाशिवाय ठेवते. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाला न विचारता वस्तू घेता आली आणि परत ठेवता आली, तर घर लागले असे मी मानते. त्यासाठी कधी वस्तू कमी कराव्या लागतील, तर कधी नुसत्या जागा बदलल्या तरी पुरेल.

धागालेखक: एक माघार, एक आग्रह

बटणांच्या डब्यापुढे माझा वर्षाचा नियम टिकत नाही, हे मान्य करतो. पण आपण सांगितलेला डबा मला वेगळ्या अर्थाने आवडला: त्याला कडा आहेत. तो भरला की नवे बटण ठेवण्यासाठी जुने काढावे लागते. तेव्हा मुदतीऐवजी जागेची मर्यादा पाळावी, असे आता म्हणतो.

तरतुदीचा मुद्दा मात्र सरसकट मान्य करता येत नाही. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना साधा कॉफीचा मग मिळाला होता, ते तो विकण्यासाठी मागत असलेली किंमत ही मग नसलेले लोक देऊ करत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. वस्तू हातात आली एवढ्यानेच तिचे मोल वाढते, आणि मग तिला तरतूद म्हणणे सोपे जाते. ऐनवेळी न सापडणारा जादा नट असून नसल्यासारखाच, कारण शेवटी नवा आणावाच लागतो.

प्रतिसाद: मर्यादा मान्य, पण निर्णय कुणाचा?

कडांची कल्पना मनापासून पटली. फक्त एक अट घालते: स्वतःच्या कपाटाला ती जरूर लावावी, दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या संमतीशिवाय लावू नये. आमच्या घरी प्रत्येकाचा एक खण आहे आणि त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही; सामाईक कपाट मात्र सगळ्यांनी मिळून उघडायचे, असे ठरले आहे. यात वेळ जातो, तरी 'माझी वस्तू कुणी टाकली?' हे भांडण होत नाही.

आणि त्या सात वायरींचे पुढे काय झाले?

धागालेखक

ओळखीच्यांना विचारल्यावर दोन वायरींची उपकरणे त्यांच्याकडे अजून चालू असल्याचे कळले, त्या तिकडे गेल्या. उरलेल्या पाच दाराजवळच्या पिशवीत आहेत. त्यांच्या आत तांबे आहे आणि बाहेरचे प्लास्टिक जाळले तर विषारी धूर निघतो, म्हणून त्या नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायच्या आहेत.