रायजरचं गणित थेट कॅड मॉडेलला जोडावं का?

डिझाइनवाला, शिरोली
कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत एकाच घराण्यातले जॉब पुन्हा पुन्हा येतात. हाउसिंग तेच, फक्त बोअर (आतलं भोक) मोठा आणि भिंत जाड. तरी दर वेळी रायजरसाठी (कास्टिंग गोठताना आकसतं तेव्हा त्याला धातू पुरवणारा साच्यातला जादा साठा) मोड्युलस, म्हणजे आकारमान भागिले पृष्ठफळ, कॅल्क्युलेटरवर काढायचा, वहीत लिहायचा आणि आकडे हातानं कॅडमध्ये भरायचे. हे आता थांबवायला हवं. मॅथकॅड, मॅटलॅब (गणिताची सॉफ्टवेअर) किंवा पायथनची साधी स्क्रिप्ट पॅरामेट्रिक (मापं बदलली की आकार बदलणाऱ्या) मॉडेलला जोडा. मॉडेल आकारमान आणि पृष्ठफळ देईल, गणित रायजरचा व्यास परत देईल आणि मॉडेल आपोआप बदलेल. क्वोरिनोव्हचा नियम १९४० पासून आहे: आकारमानाला पृष्ठफळानं भागा, गोठण्याचा वेळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. ६० मिमीच्या घनाचा मोड्युलस १० मिमी. रायजरचा १.२ पट धरला तर १२. उंची आणि व्यास सारखे ठेवले की व्यास येतो ७२ मिमी. यात माणसाचा वेळ का घालवायचा?

मेथडिंगवाला, उद्यमनगर
कारण तो १.२ मुळात स्टीलचा. आपल्याकडं बहुतेक काम ग्रे आयर्न आणि एसजीचं (गोलाकार ग्रॅफाइटच्या बिडाचं). गोठताना ग्रॅफाइट सुटतं, धातू फुगतो आणि साचा घट्ट असेल तर आकुंचन बरंचसं तिथंच भरून निघतं. तिथं ७२ चा रायजर लावला तर वितळवलेला धातू फुकट कापून टाकायचा, वर विजेचं बिल आहेच. वहीत गणित मांडणारा पोरगा निदान ‘दादा, धातू कुठला?’ म्हणून विचारतो. स्क्रीनवर तयार आकडा दिसला की कुणी विचारत नाही. मला हीच भीती आहे.

कॅड शिकवणारी, राजारामपुरी
दादा, मग धातू हाच पहिला इनपुट करा. तो भरल्याशिवाय पुढं जाऊच द्यायचं नाही. मॅथकॅडमध्ये सूत्र कागदावर लिहिल्यासारखं दिसतं, एककांसकट. जुन्या तक्त्यांत मोड्युलस सेंटिमीटरमध्ये आणि मॉडेल मिलिमीटरमध्ये असलं, की हातानं भरताना थेट दहापट फरक पडतो. एककं सांभाळणारं गणित तिथं अडवतं. एक्सेलच्या सेलमध्ये दडलेल्या सूत्राला माझाही विरोध आहे, ते तपासायला कुणी उघडतच नाही.

पॅटर्न शॉप, कागल
तुमचं सगळं गणित बरोबर आलं तरी मॉडेल टिकेल का? बोअर वाढवला की जुना फिलेट (कोपऱ्याची गोलाई) बसत नाही, रिजनरेट फेल, म्हणजे मॉडेल नव्यानं बनतच नाही. ते परवडलं, निदान कळतं तरी. खरा धोका मॉडेल न मोडता चुकतं तेव्हा असतो: रिब (आधाराची पट्टी) कोअरच्या (पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याच्या) जागेत घुसते, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) उलटा होतो आणि पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, तयार झाल्यावर लक्षात येतं. शिवाय लायसन्सचा खर्च छोट्या युनिटनं कुठून काढायचा?

डिझाइनवाला, शिरोली
खर्चाचं उत्तर आहे. फ्रीकॅड फुकट आहे. त्याच्या स्प्रेडशीटमधल्या सेलवर मापं चालतात, पायथनही चालतं. मॉडेलचा मुद्दा मात्र वजनदार आहे. म्हणून प्रत्येक घराण्याला मर्यादा बांधायची: किमान भिंत, कमाल बोअर. त्याबाहेर गेलं की आकडा द्यायचाच नाही. आणि मापं बदलली की पॅटर्नला जाण्याआधी सेक्शन (छेद) काढून माणसानं बघायचं. एसजीला वेगळं सूत्र लागणार, हेही मान्य. पण जोडणी नकोच, हे मला पटत नाही.

मेथडिंगवाला, उद्यमनगर
धातू आणि साच्याचा प्रकार भरल्याशिवाय आकडा येणार नसेल, तर माझा निम्मा विरोध मागं घेतो. उरलेला निम्मा कायम: नव्या पोराला पहिलं वर्ष वहीतच गणित करू द्या, मग जोडणी हातात द्या.